अकरा जागी लिहिलेलं नाव

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी माझ्या मालकांचं नाव एकदाच तोंडानं घेतलं होतं. लग्नाच्या मांडवात, घास भरवताना, उखाण्यात. तेही बायांनी हात धरून ठेवला म्हणून. त्यानंतर कुणी विचारलं की मी लेकीकडं बघायची आणि लेक सांगायची. रेशनच्या दुकानात नुसतं कार्ड पुढं सरकवायची, म्हणायची, वाचा की. बँकेत सही करताना माझं नाव, आडनाव, आणि मधली जागा मोकळी. एकदा तिथले साहेब म्हणाले, "मावशी, मधलं नाव कुठंय?" मी म्हणलं, "ते घरी हायेत." सगळी बँक हसली.

माझ्या आईनं सांगून ठेवलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचा एक दिवस कमी होतो. तुम्ही शिकलेली माणसं हसाल. हसा. माझी लेक तिच्या नवऱ्याला नावानं हाका मारते आणि जावईबापू हौसेनं ओ देतात, मी कधी काही बोलले नाही. पण लहानपणी कानात गेलेलं डोक्याला पटवून बाहेर निघत नाही. ह्या कागदावरही मी ते नाव लिहिणार नाही. लिहायचं तिथं लिहून झालंय.

हे पेटी दुरुस्त करायचे. भजनात वाजते ती, भात्याची पेटी. पूर्णेत स्टेशनच्या मागच्या अंगाला आमचं घर आणि घराची पुढची खोली म्हणजे ह्यांचं दुकान. पाटी नव्हती. कशाला हवी होती पाटी? गाडीतून उतरलेल्या माणसाच्या खांद्यावर पेटी दिसली की हमाल न विचारताच सांगायचे, "मास्तरांकडं ना? फाटकाच्या अलीकडं, लिंबाखाली." श्रावण लागायच्या आधी तर खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेट्या. कुणाचा भाता उंदरानं कुरतडलेला, कुणाच्या पट्टीचा आवाज बसलेला, एका पेटीत तर चक्क विंचू निघाला होता. ह्यांनी त्याला चिमट्यानं उचलून बाहेर नेऊन सोडलं आणि म्हणाले, "ह्याला पण भजनाचा नाद दिसतोय."

पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. टोकाकडं कानस लावली की सूर चढतो, बुडाकडं लावली की उतरतो. केसाएवढी जास्त घासली तर पट्टी वाया. मी आत भाकरी थापत बसलेली असायची आणि बाहेरनं एकच सूर येत राहायचा, आँ... आँ... आँ... मग तो एकदम जागेवर बसायचा. मला कळायचं. हे "झालं" म्हणायच्या आत मला कळायचं.

पुढं बटणाच्या, विजेच्या पेट्या आल्या. आधी कीर्तनकारांच्या मागं दिसायला लागल्या, मग साध्या मंडळांतही. आमच्याकडं वर्षाला दहा पेट्या यायला लागल्या, मग चार, मग एक. मग ती एकही नाही. हे सकाळी आंघोळ करून दुकान उघडायचे. पोतं अंथरायचे, कानशी पुसून ओळीनं मांडायचे आणि रस्त्याकडं तोंड करून बसायचे. दुपारी कानशी परत पुसून ठेवायचे. तक्रार एका शब्दाची नाही. पण एक करायचे. आमची घरची पेटी महिन्यातून चार-चारदा उघडायचे. तिला काही झालेलं नसायचं. चांगली सुरात असलेली पेटी खोलून बसायचे, पट्ट्या काढायचे, कानाशी धरायचे, परत बसवायचे. मी आतून ऐकायची आणि मला भ्या वाटायचं, की एक दिवस हात शिवशिवेल आणि हे चांगली पट्टी घासून टाकतील.

मला तेव्हा एवढंच पाहिजे होतं. ह्यांचे कान आणि हात शाबूत आहेत तोवर दारात कुणाची तरी खरी बिघडलेली पेटी यावी. नवस बोलायला गेले असते, पण देवाला काय सांगू? कुणाची तरी पेटी मोड म्हणून?

लेक पुण्याला असते. लोकांच्या वेबसाईट बनवायच्या कचेरीतच कामाला आहे. एका दिवाळीला तिनं आबांसाठी वेबसाईट करून आणली. मोबाईलवर उघडून ह्यांच्या हातात दिली. वर ठळक अक्षरात ह्यांचं नाव, त्याखाली हार्मोनियम दुरुस्ती, आणि ह्यांचा फोटो, पोत्यावर बसून पट्टी कानाशी धरलेला. हे चष्मा पुसून पुसून बघायला लागले.

"हे सगळीकडं दिसायलंय?"

"सगळीकडं, आबा."

"पाकिस्तानात पण?"

"हो की."

"मग केस तरी विंचरून घेतले असते."

त्या दिवसापासून ह्यांचा फोन खिशातून निघून समोर पोत्यावर आला. कानशींच्या ओळीत तोही. समोरचा चहावाला रोज विचारायचा, "काय मास्तर, अमेरिकेहून पेटी निघाली का न्हाई अजून?" हे म्हणायचे, "निघाली होती. तुझा चहा पिला अन् परत गेली." पुढं पुढं हे नुसतं हसायचे. मग हसायचेही बंद झाले. फोन वाजायचा तो लेकीचाच.

मीच एकदा लेकीला म्हणलं, "कसली गं तुझी वेबसाईट? कुत्रंसुद्धा फिरकत न्हाई."

तिनं मला समजावून सांगितलं. "माय, माळावर घर बांधलं अन् रस्ताच न्हाई, तर येणार कोण? लोक मोबाईलमधी लिहितात, पेटी दुरुस्ती, परभणी जिल्हा. तिथं आपलं नाव खाली कुठंतरी पडलेलं असतंय. आता त्या मशीनला काय माहीत, हे दुकान खरं हाय का खोटं? धंद्यांच्या याद्या असतात इंटरनेटवर, फुकट नाव घालता येतंय. चार जागी तेच नाव, तोच पत्ता, तोच नंबर दिसला, खाली वेबसाईटचा पत्ता दिसला, की मशीनचा भरवसा बसतो. मग ते आपल्याला वर दाखवतं."

"म्हणजे सोयरिकीसारखं," मी म्हणलं. "चार गावांत विचारलं अन् चारी गावांनी एकच सांगितलं, की स्थळ बरं."

"बरोब्बर! तू माझ्या हापिसात ये कामाला."

तिनं अकरा याद्या निवडून ठेवल्या होत्या. तिला फुरसत नव्हती, घर-कचेरी करता करता तीच बेजार. म्हणाली, "दुपारी तू मोकळी असतीस. तू भर. सगळं वेबसाईटवर हाय तसंच्या तसं लिहायचं, बस."

मी शाळेत गेलेली नाही. किराणाच्या पुड्यांचे कागद उलगडून अक्षरं जुळवायला शिकले. पण लेकीचा जुना मोबाईल मला चांगला येत होता. हे जेवून आडवे झाले की मी स्वयंपाकघरात उंबऱ्याला टेकून बसायची, चष्मा लावायची आणि यादी उघडायची. मला तर लय मोठं काम मिळाल्यासारखं झालं होतं. ह्यांना सांगितलं नव्हतं. पेटी दारात आल्यावर सांगू म्हणलं.

आता काय झालं ते सांगते. पहिल्याच रकान्यात विचारलं होतं, धंद्याचं नाव. वेबसाईटवर तर ह्यांचं नाव. मी अंगठा उचलला आणि तो तसाच वर राहिला. पाच मिनिटं झाली असतील. मनात म्हणलं, तोंडानं घ्यायचं नाही म्हणतात, लिहायचं कुठं म्हणलंय? पण लिहिताना आपण मनात बोलतोच की. शेवटी लिहिलं, पेटीवाले मास्तर, पूर्णा. पत्त्यात लिहिलं, लिंबाखाली. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज जरा भारदस्त लिहावं. लिहिलं, पेटी दुरुस्तीचं जुनं घर, फाटकाच्या अलीकडं. तिसऱ्या यादीत, आमचं पेटीचं दुकान, स्टेशनमागं. एका ठिकाणी ह्यांचा नंबर, एका ठिकाणी माझा, म्हणलं हे झोपले असले तर मी उचलीन. मला वाटायचं, जितक्या तऱ्हेनं सांगू तितक्या लोकांना कळेल. माणसाला पत्ता सांगताना आपण तसंच करतो ना? लिंब नाही सापडला तर फाटक सांगतो. अकराच्या अकरा याद्या मी अशा भरल्या. लेक फोनवर विचारायची, "भरलं का?" मी म्हणायची, "भरलं." खोटं नव्हतं ते.

पाच-सहा महिने गेले. फोन वाजला नाही. ह्यांना खोकला लागला तो जाईना. नांदेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती आतून कडक झालीय, पितळेची धूळ, कापडाची धूळ, इतकी वर्षं. आता जपायचं. लेक आठ दिवसांची रजा काढून आली.

ह्यांना पुढच्या खोलीतच खाटेवर ठेवलं होतं, रस्ता दिसावा म्हणून. लेक खाली बसून मोबाईलमध्ये बघायला लागली, याद्यांचं काय झालं म्हणून. एकाएकी तिचा आवाज चढला.

"माय! हे काय करून ठेवलंस? कुठंच आबांचं नाव न्हाई! अकरा याद्यांत अकरा दुकानं झाली ही! मशीनला कसं कळावं की हा एकच माणूस हाय?"

मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

"मी म्हणलं होतं ना, हाय तसंच्या तसं लिही! पाच-सहा महिने गेले, माय. आबा ह्या फोनकडं बघत बसले."

ते वाक्य अजून माझ्या अंगात आहे. मी म्हणलं, "मला लिहिता येईना गं." आणि तिला कळलं. तीही ह्याच घरात वाढलेली.

खाटेवरनं आवाज आला. "तिला बोलू नको." मग दम घेऊन मला म्हणाले, "अगं, लिही आता. माझं अजून किती कमी व्हायचं राहिलंय?"

लेक उठून मागं मोरीकडं गेली. मी म्हणलं, "असलं बोलू नका."

"अकरा याद्या ना? मग अकरा दिवस जातील. जाऊ दे. एक पेटी आली तरी मी फायद्यात."

लेक म्हणाली, मी भरते सगळं. पण मीच नको म्हणलं. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेला टेकून खाली बसले. हे वरनं एकेक अक्षर सांगायचे, मी दाबायची. इंग्रजीत पण लिहायचं होतं, ते तर मला जुळवता येतच नव्हतं. मी मान वळवून विचारायची, "पुढं काय?" हे सांगायचे. चार-पाच याद्या झाल्यावर मला पाठ झालं होतं, तरी मी विचारत होते. सगळीकडं एकच नाव, एकच पत्ता, एकच नंबर.

एका यादीवाल्यांचा खात्री करायला फोन आला. कुठल्या तरी लांबच्या गावची पोरगी, तोडकं मराठी. "मॅडम, दुकानाचं नाव सांगा."

"तुमच्या पुढं लिहिलेलं असंल की. तुमीच वाचा."

"नाही मॅडम, तुम्हालाच सांगावं लागेल."

मी फोन ह्यांच्यापुढं धरला. ह्यांनी मान हलवली. "यादी तू भरलीस. तूच सांग." आणि डोळ्यांत अगदी लग्नातलं हसू. मग मी काय करणार? डोक्यावर पदर घेतला. म्हणलं,

"पूर्णेच्या पुलावर गाडी मारते शिट्टी,
...रावांच्या हाताखाली सुरात येते पट्टी."

मग पोरगी म्हणाली, "मॅडम, रेकॉर्ड झालं नाही. परत सांगता का?"

मी परत घेतलं. हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली. लेकीनं पाठ चोळली. उबळ थांबल्यावर म्हणाले, "बघ, तेरा दिवस झाले."

महिन्याभरात फोन वाजला. पोखर्णीहून, एका भजनी बुवांचा. नाव घेऊन विचारलं, "हे त्यांचंच दुकान का? अन् मास्तर स्वतः हायेत?" तिसऱ्या दिवशी ते बुवा पेटी घेऊन आले. दारातच थबकले, ह्यांच्याकडं बघत राहिले. म्हणाले, "आमच्या गावात सगळे म्हणायले, मास्तर कधीच गेले. नातीनं मोबाईलवर नाव दाखवलं तेव्हा कळलं."

हे म्हणाले, "जायलोच हाय. पेटी ठेवा."

दोन दिवसांचं काम, नऊ दिवस चाललं. हे भिंतीला उशी लावून बसायचे, भाता मी हलवायची. कानस धरलेला हात थरथरायचा, पण पट्टीवर टेकला की थांबायचा. तो थांबायचा, देवाची शपथ. आँ... आँ... आँ... मग सूर जागेवर बसायचा आणि हे माझ्याकडं बघायचे, कारण "झालं" म्हणायला दम नसायचा. मी म्हणायची, "झालं."

त्यानंतर अजून दोन पेट्या आल्या. एक पुरी झाली. दुसरी उघडलेलीच राहिली. तिचे मालक दहाव्याला आले, पट्ट्या कागदात बांधल्या, तशीच उचलून घेऊन गेले.

नाव लिहिल्यापासून किती दिवस झाले होते, ते मी मोजलं नाही असं म्हणणार होते. मोजलं. खोटं कशाला लिहू? डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढं धरून मला दाखवला होता, सगळं पांढरं झालेलं. मला कळतं ते. कळतं आणि तरी दुपारी उंबऱ्याला टेकले की हिशेब आपला आपण सुरू होतो.

खरी गंमत पुढंच. आता सगळ्या याद्या एका सुरात होत्या ना, मशीनचा भरवसा बसला. पेटी दुरुस्ती म्हणून कुणी शोधलं की ह्यांचं नाव सगळ्यांत वर. आठवड्याला एखादा फोन यायला लागला. पाथरीहून, जिंतूरहून, एकदा तर लातूरहून. लेक म्हणाली, "माय, याद्यांत लिहावं लागंल, कायमचं बंद. तुला जमत नसंल तर मी करते." मी म्हणलं, करते, करते. आणि केलं नाही.

कारण फोन उचलला की पलीकडचं माणूस ह्यांचं नाव घ्यायचं. पहिलं वाक्य तेच. "...रावांचं दुकान का?" घरात आता ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. लेक आबा म्हणते, गाव मास्तर म्हणतं. पूर्ण नाव घेतात ती परकी माणसं, आणि तीही मी त्या याद्या भरल्या म्हणून. मी म्हणायची, "हो, त्यांचंच." एवढं म्हणून घ्यायची. मग सांगायची. लोक चांगले असतात, अरेरे म्हणतात, फोन ठेवतात.

एक दिवस पालमकडचे एक गृहस्थ न विचारताच आले. माझ्यापेक्षाही म्हातारे. खांद्यावर पेटी, धोतर घामानं भिजलेलं. सकाळची पहिली एसटी धरून निघालेले, एका जागी गाडी बदलून. मी पाणी दिलं आणि सांगितलं. ते पेटीवर हात ठेवून बसून राहिले.

"मोबाईलमधी तर उघडं हाय म्हणून लिहिलंय, बाई."

"हो."

"बंद हाय तर तसं लिहायचं. माझी मंडळी अंथरुणाला हाय. तिला ह्या पेटीवर एक अभंग ऐकायचाय म्हणून उचलून आणली. आजचा दिवस गेला ना माझा."

आवाज चढवला नाही त्यांनी. चहा घेतला, कप विसळून ठेवला. मी नांदेडच्या एका दुकानाचा पत्ता शोधून कागदावर लिहून दिला. पेटी खांद्यावर घेताना त्यांना दोनदा टेकावं लागलं. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या एका "हो"साठी ह्या माणसाचा एक दिवस गेला होता, आणि त्यांच्याकडं किती होते कुणास ठाऊक.

त्याच दुपारी मी उंबऱ्यात नाही, पुढच्या खोलीत बसले, खाटेला टेकून. चष्मा लावला. पहिली यादी उघडली. कायमचं बंद, ते दाबलं. तर खाली अक्षरं आली, खात्रीसाठी दुकानाचं नाव पुन्हा लिहा.

मी लिहायला लागले. मराठीतलं भराभर झालं. इंग्रजीतल्या तिसऱ्या अक्षरापाशी मी मान वळवली आणि विचारलं, "पुढं काय?"

खाटेवर कानशी पुसायचं फडकं तेवढं होतं. पुढचं अक्षर मला येत होतं. ते दाबलं. अजून दहा याद्या राहिल्या होत्या.